टपाखालचं तीर्थ

"पडला! पडला! गोविंदा, गोऽविंदा!"

धनुर्मासातली बोचरी सकाळ. जे. पी. नगरच्या एका आडव्या गल्लीत शंभरेक माणसं कानटोप्या आणि शाली गुंडाळून एका गाडीभोवती उभी होती. गाडी साधीसुधी नव्हती. आत पलंग, ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि देव्हारा असलेली उंच पत्र्याची व्हॅन. चाकांवरचं घरच म्हणा ना. आत पंधरा-सोळा भाग्यवंत मांडीला मांडी लावून कोंबलेले. बाहेरच्यांना आतलं काही दिसत नव्हतं, कारण काचा आतून पार धुरकटलेल्या होत्या. तरी आतून आरोळी आली की बाहेरचेही हात जोडले जात. आत टपाच्या पत्र्याखाली, नेमका देव्हाऱ्यावर, एक थेंब जमायचा, फुगायचा आणि टपकन शाळिग्रामावर पडायचा. नळ नाही, पाऊस नाही, देव्हाऱ्यावरच्या टपाला भोक नाही. आणि हे रोज!

फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर गाडीचे मालक हयवदन मास्तर बसले होते. लोक येता-जाता त्यांच्या पाया पडत. असा चमत्कार ज्याच्या गाडीत घडतो तो किती पुण्यवान! पुण्यवान मास्तर पाय मागे ओढून घेत आणि म्हणत, "अहो, ते दव आहे." लोक मान डोलवत, "होय होय, देवाचंच," असं म्हणत पुढे जात.

मास्तरांनी बत्तीस वर्षं बनशंकरीच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. दव कसं पडतं, याचं उत्तर त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. हवेत वाफ असते. गार पृष्ठभागाला टेकली की तिचं पाणी होतं. दोन मार्क. इतक्या पोरांना ते दोन मार्क मिळवून दिलेला माणूस आज स्वतःच्या फाटकात हात चोळत बसला होता, कारण त्या गाडीत सगळ्यात पुढे, कोणाचा स्पर्श न होऊ देता, देव्हाऱ्याला चिकटून, त्याची आई बसली होती.

विमलाबाई एक्याऐंशी वर्षांच्या. मडीच्या कडक. मडी म्हणजे आपलं सोवळं. पण चार शतकांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन रुजलेल्या मराठी घरांत त्याला कन्नड काटेकोरपणाही चिकटला आहे. रात्री साडी धुवायची, उंच काठीवर वाळत टाकायची, आणि सकाळी स्वतः काठीनेच उतरवून नेसायची. मध्ये कोणाचं बोट लागलं की पुन्हा धुवा. बाहेरचं अन्न नाही, हॉटेलची खोली नाही, दुसऱ्याच्या हातचं पाणीही नाही. उष्ट्याचं तर नावच काढू नका. निरांजनावर फुंकर घातली तरी त्यांच्या लेखी ते उष्टं. नवरा गेल्यावर त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या ते या मडीपायी. एकदा सहज म्हणाल्या, "उडुपी एकदा बघून मरायचं होतं, पण माझी मडी कोण सांभाळणार?" मास्तरांच्या ते मनाला लागलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी आश्लेषा डॉक्टर होऊन महादेवपुऱ्याला राहत होती. घरात आई आणि मुलगा दोघंच. निवृत्त होताच मास्तरांनी ही गाडी करून घेतली. आईचं स्वयंपाकघर आणि आईचा देव्हारा आईबरोबर फिरणार! देवळाच्या दारात गाडी थांबवायची आणि मडीतच उतरायचं.

एकच अडचण होती. साडी कुठे वाळवायची? बाहेर दोरी बांधावी तर कावळे, कुत्री, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात. म्हणून विमलाबाईंनी टपाखालीच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी बांधून घेतली. नऊवार साडी, पंचा, देवांची वस्त्रं, सगळं ओलंचिंब आत आणि खिडक्या गच्च बंद. टपाला मास्तरांनी हौसेने एक झरोका बसवला होता, आतली कोंदट हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा लावून. तो विमलाबाईंनी दुसऱ्याच दिवशी चिंध्या कोंबून बुजवला.

"त्या भोकातून कोणाची बिडी, कोणाचं मटण, सगळा वास माझ्या मडीवर येतो रे!"

"अम्मा, हवा नको का आत?"

"देव आहेत की आत. ते पुरे."

मास्तरांनी गाडी सुरू केली. आणि उडुपीच्या वाटेवर, सुब्रह्मण्याच्या घाटातल्या एका गार पहाटे, विमलाबाई अर्घ्याची पळी उचलणार, तोच वरून एक थेंब शाळिग्रामावर पडला. त्यांचा हात हवेतच राहिला. त्यांनी मागे वळून मुलाकडे पाहिलं. तो चेहरा मास्तरांनी लहानपणीसुद्धा पाहिलेला नव्हता.

"हयवदना, बघितलंस? मी पळी उचलायच्या आधी त्यानंच स्नान करून घेतलं!"

मास्तरांना कारण त्याच क्षणी दिसत होतं. वर ओली साडी लोंबत होती, रात्रभर दोघांचे श्वास कोंडले होते आणि बाहेर थंडीने पत्रा गारठला होता, आणि त्याचा उतार नेमका देव्हाऱ्यावर येऊन संपत होता. तेव्हाच सांगून टाकायचं. पण त्या चेहऱ्याकडे पाहून त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच: "हो अम्मा." त्या दोन शब्दांबद्दल मास्तरांनी स्वतःला आजतागायत माफ केलेलं नाही.

देव गाडीतच भेटला म्हणून उडुपी पुढच्या खेपेला ठेवून परत आल्यावर विमलाबाईंनी जाहीर केलं की धनुर्मासाची पूजा गाडीतच, आणि महिनाभर झोपायचंही गाडीतच. गाडी शेजारच्या मोकळ्या साइटवर, म्हणजे रिकाम्या प्लॉटवर, उभी राहिली. धनुर्मासात सूर्य उगवायच्या आत हुग्गीचा नैवेद्य लागतो. मुगाची डाळ, तांदूळ, मिरी, तूप, सगळं रटारटा शिजवून वाफाळतं देवापुढे ठेवायचं. ती हुग्गीही आतच शिजू लागली. मग काय, थेंबांना तोटा नाही. शेजारच्या वसुमतीअक्का प्रसादाला आल्या, त्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या एक्स्टेन्शनला, म्हणजे सगळ्या वस्तीला, कळलं. आठवड्याने टपाच्या कोपऱ्यात एक काळा डाग उमटला. तो पसरत गेला, त्याला खांद्यासारखं काही फुटलं, मग शेपटीसारखं.

"अय्यो, मुख्यप्राण!" वसुमतीअक्का किंचाळल्या.

मुख्यप्राण म्हणजे हनुमंत. या घरांत तो वायूचा अवतार, आपल्या श्वासाचा देव. विमलाबाईंनी कोपऱ्याकडे पाहून डोळे मिटले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. मास्तर फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन आले होते. ते तसेच उभे राहिले आणि तसेच परत गेले.

आता असा मोका सुटेल तर तो शिवकुमार कसला! हा गृहस्थ पूर्वी घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. धंदा बसला, दाढी वाढली, गळ्यात माळ आली आणि तो शिवकुमार गुरुजी झाला. सोडली नाही ती फक्त विक्रेत्याची जीभ. तो कन्नडात बोलायचा. आपण मराठीत ऐकू.

"भक्तहो! हे पाणी कावेरीचं आहे का? नाही! बोअरवेलचं? नाही! टँकरचं? मुळीच नाही! मग कुठलं? विरजा नदीचं! वैकुंठाच्या वेशीवरची विरजा, तिचं डायरेक्ट कनेक्शन! पाइप दिसत नाही, कारण पाइप भक्तीचा आहे!" असं म्हणून तो खिशातून एक पेनासारखं यंत्र काढी. जुन्या धंद्यातलं, पाण्यातले क्षार मोजणारं. "विज्ञानवाल्यांनो, हेही बघा! हे तुमच्या नळाचं पाणी. आकडा किती? दोनशे दहा. हे बोअरचं. आठशे चाळीस. आणि हे देवाचं... नऊ! फक्त नऊ! आहे कोणत्या कंपनीच्या मशीनची छाती?"

लोक थक्क. मास्तर फाटकातून ओरडले, "अहो, वाफेचं पाणी झालं की त्यात क्षार नसतातच! कुकरच्या झाकणाचं पाणी मोजा, तेही तेवढंच भरेल!"

"मास्तर," शिवकुमार मधाळ हसला, "कुकरला कोणी प्रदक्षिणा घालतं का?"

सगळे हसले. हशा झाला की वाद संपतो, हे शिवकुमारला चांगलं ठाऊक होतं.

मग त्याने नियम केले. दार-खिडक्या घट्ट लावायच्या, फटींत ओली वस्त्रं कोंबायची. आत सोळा जण हवेतच. तुपाचे नऊ दिवे. आणि अर्धा तास सगळ्यांनी तोंड भरून नामघोष करायचा. "तोंड मिटून बसणाऱ्यावर देव प्रसन्न होत नाही!" यातलं शेवटचं मास्तरांना अगदी पटत होतं. सोळा तोंडं अर्धा तास उघडी राहिली की पाणी मिळणारच. ते पाणी चिमुकल्या बाटल्यांत भरून गुरुजी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे घेऊन देत. दमा, मधुमेह, लग्न न जमणं, परदेशचा व्हिसा, सगळ्यावर एकच बाटली.

मास्तरांनी आईशी सरळ बोलायचं ठरवलं. दुपारी गाडीत कोणी नसताना त्यांनी हुग्गीच्या पातेल्यावरचं झाकण उचलून आईसमोर धरलं. आतून थेंब ओघळत होते.

"हे बघ अम्मा. तुझ्या टपाचं हेच."

विमलाबाईंनी नीट पाहिलं. त्या काही बिनडोक नव्हत्या. "सरी, मान्य. हे हुग्गीचं पाणी. पण रात्रभर शेगडी बंद असते. तरी पहाटे थेंब असतात की नाही? बंद पेटीत ते पाणी कुठून येतं? सुम्मने, उगीच काहीतरी सांगू नकोस, डोळ्यांनी दाखव."

"थोडं तुझ्या साड्यांतलं. बाकीचं तुझ्या श्वासातलं."

"माझ्या श्वासात पाणी? मी काय इडलीचं पात्र आहे रे?" त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. मास्तरांनी आरसा आणून पुढे धरला. "यावर नुसतं हाः कर." विमलाबाईंनी मान फिरवली. देवासमोर, मडीत असताना आरशावर तोंडाची वाफ सोडायची? उष्टं करायचं? ते होणं शक्यच नव्हतं. मास्तर आरसा घेऊन बसून राहिले. पुरावा आईच्या तोंडात होता आणि मडी त्याला बाहेर येऊ देत नव्हती.

फार विनवल्यावर त्यांनी एका दिवसाची परीक्षा मान्य केली. मास्तर जन्माचं काम मिळाल्यासारखे राबले. झरोक्यातल्या चिंध्या काढल्या, पंखा सुरू केला, समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या. साड्या गच्चीवर उंच काठीला वाळत गेल्या. हुग्गी घरात, मडीतच शिजली. टप कोरड्या फडक्याने पुसून काढला. सकाळी सगळी गल्ली माना वर करून बसली. सात वाजले, आठ वाजले. थेंब पडला नाही.

मास्तर तीन मिनिटं आनंदात होते. मग त्यांनी आईकडे पाहिलं. विमलाबाई शाळिग्रामाकडे पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"पाहिलंत?" शिवकुमार गरजला. "अविश्वासाचं वारं आत आलं आणि देव बाहेर निघून गेला!"

कोणीतरी मास्तरांच्या दिशेने थुंकलं. वसुमतीअक्का रडायला लागल्या. विमलाबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या हातून चुकलं. मी दोन दिवस जेवणार नाही." एक्याऐंशी वर्षांची बाई दोन दिवस उपाशी! दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःच्या हातांनी चिंध्या पुन्हा झरोक्यात कोंबल्या. थेंब परत आला. गल्लीत साखर वाटली गेली.

तरी मास्तर हरले नव्हते. त्यांनी विचार केला, तोच थेंब दुसऱ्या गाडीत पाडून दाखवला तर? मागच्या गल्लीतल्या परसूची शाळेच्या मुलांची व्हॅन होती. परसू मास्तरांचा जुना विद्यार्थी, नापास झालेला पण आदर राखून असलेला. त्याच्या व्हॅनमध्ये मास्तरांनी चार ओल्या चादरी टांगल्या, सहा माणसं बसवली, स्टोव्हवर पाणी उकळलं, काचा लावल्या आणि सगळ्यांदेखत दार उघडलं. आतला टप घामाघूम! देव्हारा नाही, शाळिग्राम नाही, मंत्र नाही. मास्तर वळून लोकांना म्हणाले, "आता तरी पटलं? इथे कुठला देव आहे?"

क्षणभर लोक टपाकडे पाहत राहिले. त्या एका क्षणात मास्तरांना वाटलं, पटलं यांना. मग मागून शिवकुमारचा आवाज आला, "परसू, तू भाग्यवान आहेस! विरजेची दुसरी शाखा तुझ्या गाडीत उघडली!"

"गोविंदा!" लोक व्हॅनवर तुटून पडले. दुसऱ्या दिवसापासून शाळेची मुलं रिक्षाने जाऊ लागली आणि परसूच्या व्हॅनला झेंडूची माळ लागली. एक देऊळ बंद करायला गेलेल्या मास्तरांनी दुसरं उघडून दिलं होतं. "सर, मी काय करू?" परसू ओशाळून म्हणाला. "बायको म्हणते, आलेला देव घालवू नका." मास्तरांनी आपला स्टोव्ह उचलला आणि ते घरी निघाले. 

आणि विमलाबाईंचा खोकला वाढत होता. आधी पहाटे, मग दिवसभर. घराच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागायची. "तप आहे," त्या म्हणत. वसुमतीअक्कांच्या आग्रहाने त्या स्वतःच्या हातांनी रोज दोन बाटल्या तीर्थ जास्त घेत.

रविवारी आश्लेषा आली. तिने गाडीत डोकं घातलं आणि नाक दाबलं. जुन्या, ओल्या रद्दीचा वास येतो ना, तसा. तिने लांबूनच आजीच्या छातीतली घरघर ऐकली आणि टपाच्या कडेच्या कापडी अस्तराचा एक कोपरा नखाने सोलला. आत पत्र्यापर्यंत काळं मखमल पसरलेलं होतं.

"बाबा, हा मारुती नाही, ही बुरशी आहे. हिची पूड आजी रात्रंदिवस छातीत ओढतेय. आजच्या आज तिला इथून हलवा."

"अम्मा..." मास्तर म्हणाले.

"वैकुंठ एकादशी गुरुवारी आहे," विमलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "तेवढी होऊ दे. मग तू म्हणशील तिथे येते."

"आजी, तू श्वासाच्या देवाची पूजा करतेस आणि श्वासच कोंडतेस? वाऱ्याचा देव आहे तो, त्याच्या तोंडावर खिडकी लावलीस!"

हे मात्र विमलाबाईंना कुठेतरी लागलं. त्यांनी बंद खिडकीकडे पाहिलं. पण बाहेर लोक होते, नामघोष होता, आणि त्यांनी लोकांना एकादशीपर्यंतचा शब्द दिला होता. "उचलून नेऊ या, बाबा," आश्लेषा फाटकात दबल्या आवाजात म्हणाली. मास्तरांनी आईकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि त्यांचे पाय जागचे हलले नाहीत. तिच्या इच्छेविरुद्ध तिला हात लावायचा? मडीत असताना? आयुष्यात त्यांनी तसं कधी केलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांच्याने ते झालं नाही.

एकादशीला शिवकुमारने मोठा डाव टाकला. भरदुपारी, उन्हात तीर्थ पाडून दाखवतो म्हणाला! मास्तर चमकले. ऊन चांगलं कडक होतं. तापलेल्या पत्र्याखाली दव पडत नाही. आज हा तोंडघशी पडणार, या आशेने ते पहिल्यांदाच खुर्ची सोडून गाडीजवळ गेले. टपावर केळीची पानं आणि फुलांचा जाड थर अंथरला होता. "टपाभिषेक" म्हणे. आत सोळा जण, पुढे निर्जळी उपासाच्या विमलाबाई. दार लागलं, नामघोष सुरू झाला. आणि वीस मिनिटांत आरोळी उठली, "पडला!"

मास्तरांना घाम फुटला. एक क्षण, फक्त एक क्षण, त्यांच्याही मनात आलं की मीच चुकत असेन तर? मग त्यांच्या कपाळावर एक गार थेंब पडला. गाडीच्या बाहेर, टपाच्या कडेवरून. त्यांनी सज्ज्याला लावलेली शिडी ओढली, या वयात भराभर वर चढले आणि केळीची पानं बाजूला फेकली. खाली भुसा होता, गोणपाट होतं आणि गोणपाटाखाली कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडच्या बर्फाच्या चार लाद्या!

मास्तरांनी एक लादी दोन्ही हातांनी उचलून खाली आपटली. ती लोकांच्या पायांशी फुटली.

"हे तुमचं वैकुंठ! बर्फाने पत्रा गार करतो आणि आतली तुमच्या श्वासांची वाफ त्याला लागून थेंब होतात! समजलं आता?"

शिवकुमारचा चेहरा पांढराफटक पडला.  काही माणसं एकमेकांकडे पाहू लागली. दोघा-चौघांनी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्यासुद्धा. मग गर्दीतून एक हडकुळा म्हातारा पुढे आला, बर्फाचा तुकडा उचलून त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, देव्हाऱ्यावर टपाला भोक आहे का?"

"नाही."

"मग वरचं पाणी आत कसं उतरलं?"

"वरचं उतरत नाही हो! आतलंच..."

"बर्फ बाहेर, पत्रा अखंड, तरी तीर्थ आत!" शिवकुमारला वाचा फुटली. "गोविंदा!"

"गोऽविंदा!" लोक बर्फाचे तुकडे पदरात बांधू लागले. मास्तर टपावर गोणपाटात गुडघे टेकून बसले होते. खालून कोणीतरी त्यांनाच नमस्कार करत होतं. आणि त्या गदारोळात गाडीचं दार आतून धाडकन उघडलं. वसुमतीअक्का ओरडत होत्या, "मास्तर, लवकर! अम्मांना श्वास येत नाही!"

या वेळी मास्तरांनी मडी पाहिली नाही. आईला दोन्ही हातांवर उचललं. तिचं वजन त्या बर्फाच्या लादीपेक्षा फार नसावं, असं त्यांना वाटलं.

तीन दिवसांनी विमलाबाईंनी इस्पितळात नीट डोळे उघडले. नाका-तोंडावर प्राणवायूचा पारदर्शक मास्क होता. आश्लेषाने वडिलांना बाहेर सगळं सांगितलं होतं. बुरशीच्या पुडीने फुप्फुसं सुजली होती. सूज औषधाने उतरेल, पण काही भाग कडक झाला आहे, तो परत येणार नाही. आजी घरी येईल, पण नळी लावून. चार पावलं चालायची आणि बसायचं. उडुपी आता नाही. "दोन आठवडे आधी आणली असती तर..." एवढं म्हणून ती थांबली. वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

मास्तर पलंगाशी बसले. विमलाबाई कशाकडे तरी एकटक पाहत होत्या. स्वतःच्या नाकासमोर. त्या श्वास सोडत, मास्क आतून पांढुरका होई. श्वास घेत, तो निवळे. कडेला बारीक थेंब जमले होते. एक फुगला, थरथरला आणि घरंगळत त्यांच्या हनुवटीवर पडला.

त्यांनी बोट वर केलं. त्या थेंबाकडे. मग मुलाकडे.

"हे... कुठून?"

बंद पेटीत पाणी कुठून येतं, डोळ्यांनी दाखव. मास्तरांना तिचाच जुना प्रश्न आठवला.  ते म्हणाले, "तुझंच अम्मा. तुझ्या श्वासातलं."

विमलाबाई आणखी चार श्वास पाहत राहिल्या. मोजून पाहावेत तसे. अखेर त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली, आणि मास्तर घाबरले, कारण आई विचार करत होती आणि तो विचार कुठे जाणार हे त्यांना दिसत होतं.

"गाडीत... सोळा माणसं होती."

"हो अम्मा."

"सगळ्यांच्या तोंडचं?"

घाटातल्या त्या सकाळसारखं खरं गिळायचं नाही, हे मास्तरांनी स्वतःला बजावलं. "हो. सगळ्यांच्या तोंडचं."

साठ वर्षं जिने दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, दिव्यावर फुंकर घातली नाही, तिने महिनाभर अख्ख्या गल्लीचं उष्टं शाळिग्रामावर घातलं होतं, स्वतः प्यायलं होतं आणि लोकांना तीर्थ म्हणून दिलं होतं. त्या रागावल्या नाहीत. मास्कच्या आत त्यांचा चेहरा लहान लहान होत गेला, आणि त्या रडू लागल्या. रडतानाही श्वास पुरेना. मास्तरांनी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

"तू... सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या.

"उशिरा सांगितलं, अम्मा."

बऱ्याच वेळाने त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "ती उघड. वायूला आत येऊ दे. आणि त्या लोकांना जाऊन सांग. पोरंटोरं पितात रे ते."

मास्तरांनी खिडकी उघडली आणि ते गेले.

गाडीत आता देव नाही. मास्तरांनी अस्तर फाडून काढलं आहे, पत्रा घासून कोरडा केला आहे, झरोका सताड उघडा आहे. शिवकुमारने मुक्काम परसूच्या व्हॅनकडे हलवला. तिथे रोज थेंब पडतो. मास्तर रोज सकाळी जातात, व्हॅनची एक काच खाली करतात आणि म्हणतात, "हे तुमच्याच तोंडचं पाणी आहे. माझी आई अशाच कोंडलेल्या गाडीतली बुरशी ओढून इस्पितळात गेली." लोक म्हणतात, तिची श्रद्धा कमी पडली. काच वर जाते. मास्तर पुन्हा खाली करतात. एकदा वसुमतीअक्कांनी आतून ती काच धरून ठेवली, वर जाऊ दिली नाही. त्यानंतर त्या तिकडे फिरकल्या नाहीत. महिनाभराच्या खटपटीतून पदरात पडलं ते एवढंच.

तेव्हा लोकहो, तुमच्या घरात, गाडीत, देवळात कुठे बंद जागी आपोआप पाणी झरलं, तर हात जोडण्याआधी एवढं करा. इथे ओलं काय आहे, आत किती माणसं कोंडली आहेत आणि गार काय आहे, ते बघा. मग खिडकी उघडा आणि एक दिवस थांबा. देव असेल तर तो खिडकी उघडल्याने पळून जाणार नाही. आणि ज्याला खिडकी बंदच हवी असते, त्याला विचारा, का. हे विचारायला लाजू नका आणि कोणाचा चेहरा पाहून थांबूही नका. मास्तर एकदा थांबले होते. त्यांची आई आता खिडकीशी खुर्ची टाकून बसते, नाकाला नळी लावून, आणि बाहेरच्या मोकळ्या हवेतला तिच्या वाटचा थोडासा श्वास घेते.